दोन दिवसांचे विजापूर: गोलघुमट आधी नको

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीहून स्वतःच्या गाडीने दोन दिवसांसाठी विजापूरला जायचे आहे, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आहेत आणि आठवीत व पाचवीत शिकणारी दोन मुले आहेत. ज्याला विचारावे तो "गोलघुमट पाहिला की विजापूर संपले" असे सांगतो. मग दोन दिवस तिथे पाहायचे काय आणि कोणत्या क्रमाने? बेळगाव, खानापूर आणि चिकोडी भागातल्या शाळांच्या सहली घेऊन मी गेली बरीच वर्षे विजापूरला जात आलो आहे आणि हा प्रश्न मला पालक व शिक्षक नेहमी विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा आग्रह एकच आहे: गोलघुमट सर्वांत आधी पाहू नका. बहुतेक सहलींच्या बसगाड्या थेट त्याच्या फाटकाशी थांबतात, मुले धावत वर जातात, घुमटाच्या आतल्या गोल गॅलरीत प्रतिध्वनी ऐकायला ओरडतात, खाली उतरतात आणि मग उरलेल्या सगळ्या वास्तू त्यांना किरकोळ वाटू लागतात. गोलघुमट हा विजापूरच्या गवंड्यांनी सुमारे ऐंशी वर्षे केलेल्या प्रयत्नांचा शेवटचा टप्पा आहे. आधीचे टप्पे डोळ्यांखालून घालून मग तिथे गेलात, तर त्या घुमटाखाली उभे राहिल्यावर नुसते "केवढा मोठा!" असे वाटण्याऐवजी तो तिथे कसा उभा राहिला हे मुलांनाही समजते.

गवंड्यांपुढचा प्रश्न असा होता. खालचे दालन चौकोनी आणि त्यावर बसवायचा घुमट गोल. चौकोनावर वर्तुळ ठेवले की चारही कोपरे उघडे राहतात, आणि घुमटाचे वजन नुसते खालीच येत नाही, तर भिंतींना बाहेरही ढकलत असते. विजापूरकरांनी यावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानींचा तोडगा काढला. निघण्यापूर्वी घरीच मुलांना कागदावर एक चौकोन काढायला सांगा आणि त्याच मापाचा दुसरा चौकोन त्यावर तिरका, पंचेचाळीस अंशांत फिरवून काढायला सांगा. आठ टोकांची चांदणी तयार होईल आणि तिच्या मध्यभागी एक अष्टकोन उरेल. त्या आठ टोकांवरून कमानी उचलल्या, तर त्या मधल्या अष्टकोनापाशी एकमेकींना छेदतात आणि घुमटाला बसायला जवळजवळ गोल अशी बैठक मिळते. शिवाय आतल्या बाजूला झुकलेल्या या बांधकामाचे वजन घुमटाच्या बाहेर ढकलणाऱ्या जोराला आवर घालते. तो कागद सोबत घ्या, तिथे त्याचा उपयोग होईल.

इतिहासाची थोडी उजळणीही वाटेत व्हावी, कारण आपल्या घरांत विजापूर म्हटले की अफझलखानापलीकडे फारसे काही बोलले जात नाही. युसूफ आदिलशहाने १४९० च्या सुमारास ही गादी स्थापन केली आणि १६८६ मध्ये औरंगजेबाने ती संपवली. या दोनशे वर्षांत आपल्या सीमाभागाचा मोठा पट्टा याच राज्यात होता. पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात महसुली दप्तरातून फारसी बाजूला सारून मराठीला जागा देण्यात आली. शहाजीराजे निजामशाही बुडाल्यावर, १६३६ पासून, याच दरबारचे सरदार होते. दुसऱ्या इब्राहिमला लोक जगद्गुरू म्हणत, आणि तो आपल्या पदांतून सरस्वतीला वंदन करी. शत्रूची राजधानी एवढीच ओळख मनात धरून गेले, तर यातले काहीच दिसत नाही. आठवीतल्या मुलाला हे नक्की समजेल.

आता प्रत्यक्ष प्रवासाकडे वळतो. निपाणीहून चिकोडी, अथणी, तिकोटा हा रस्ता सोयीचा आहे. वाटेतल्या थांब्यांसह साधारण चार तास धरा आणि सकाळी लवकर निघा. या रस्त्याने आपण शहरात पश्चिमेकडून शिरतो, हे लक्षात ठेवा, कारण इब्राहिम रोजा (रोजा म्हणजे कबरीची वास्तू) आणि ताज बावडी ही मोठी विहीर, या दोन्ही जागा याच अंगाला आहेत. तरीही येताना तिथे थांबू नका. आधी मुक्कामी पोहोचा, एखाद्या खानावळीत जेवा (ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी आणि शेंगांची चटणी असे जेवण असल्यामुळे आई-वडिलांनाही घरचेच वाटेल) आणि उन्हे उतरेपर्यंत त्यांना विश्रांती घेऊ द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मेमध्ये वृद्धांना घेऊन विजापूरला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारी साडेतीनच्या सुमारास पहिली भेट जामा मशिदीची ठेवा. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाल्यावर पहिल्या अली आदिलशहाच्या हाती मोठी संपत्ती आली आणि ही मशीद त्यानंतरच्या वर्षांत उभी राहू लागली. शहराभोवतीचा सुमारे दहा किलोमीटरचा तट त्याच्याच कारकिर्दीतला. मशीद आजही वापरात आहे, म्हणून शुक्रवारची दुपार टाळा, डोके झाकायला रुमाल-ओढणी सोबत ठेवा आणि आवाज हळू ठेवा. फरशीवर नमाजासाठी आखलेले चौकोन दिसतात. ते २,२५० असून औरंगजेबाच्या काळात आखले गेले. पश्चिमेच्या भिंतीतला सोनेरी, रंगीत मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा) झाकलेला असेल, तर तिथल्या सेवकाला नम्रपणे विनंती करून पाहावी.

पण मी मुलांना इथे आणतो तो छतासाठी. मधल्या मोठ्या चौकात उभे राहून मान वर करा आणि चांदणीचा तो कागद बाहेर काढा. कमानी भिंतींपासून उचललेल्या, आत झुकणाऱ्या आणि मध्ये एकमेकींना छेदणाऱ्या अशा स्पष्ट दिसतात. इथला घुमट बेताचा असल्यामुळे एका नजरेत सगळी रचना मावते, आणि पाचवीतले मूलसुद्धा बोट दाखवून "ही कमान इथून निघाली आणि तिथे गेली" असे सांगू शकते. पुढे गोलघुमटात हीच रचना इतकी मोठी आहे की आधी इथे पाहिली नसेल, तर डोळा तिच्यात हरवतो. मशिदीच्या दर्शनी भागाच्या दोन टोकांना मिनारांचे काम अर्धेच राहिलेले दिसते, तेही दाखवा. विजापुरात अपुऱ्या राहिलेल्या वास्तू पुष्कळ आहेत आणि त्या बांधकामाची पद्धत शिकवण्यासाठी फार उपयोगी पडतात.

जामा मशिदीकडून परतताना मेहतर महालाशी दहा मिनिटे थांबा. हा खरे तर एका छोट्या मशिदीचा दरवाजा आहे. वरच्या सज्ज्याला आधार देणाऱ्या दगडी तिरांवरचे कोरीवकाम इतके नाजूक आहे की ते लाकूडच वाटते. आत पाहण्यासारखे विशेष नाही.

साडेचारपर्यंत इब्राहिम रोजाला पोहोचा. माझ्या मते ही विजापुरातली सर्वांत देखणी वास्तू आहे, गोलघुमटाहूनही. एकाच उंच जोत्यावर पूर्वेला कबरीची इमारत आणि पश्चिमेला मशीद, दोन्ही समोरासमोर, मध्ये कारंज्याचा हौद. मावळतीची किरणे कबरीच्या पश्चिम अंगावर पडतात, म्हणून संध्याकाळची वेळ सांगितली. मुळात राणी ताज सुलतानासाठी बांधायला घेतलेल्या या रोजात १६२७ मध्ये खुद्द दुसऱ्या इब्राहिमचे दफन झाले. बांधकाम १६२६ चे, आणि त्याचा वास्तुकार म्हणून मलिक संदल याचे नाव घेतले जाते.

इथे घाई करू नका. आई-वडिलांना जोत्यावरच्या सावलीत बसवा आणि मुलांना घेऊन कबरीभोवतीच्या ओवरीतून एक संथ फेरी मारा. खिडक्यांच्या दगडी जाळ्यांजवळ जाऊन पाहा. नेहमीच्या जाळीत वेलबुट्टी किंवा भौमितिक नक्षी असते, इथे मात्र पाषाणाच्या पाट्या आरपार कोरून अरबी अक्षरेच उमटवली आहेत. उजेड त्या अक्षरांच्या मधल्या फटींतून आत येतो. अक्षर तुटू नये आणि ओळही वाचता यावी, अशा बेताने दगड कुठे ठेवायचा आणि कुठे काढायचा हे कारागिराने ठरवलेले आहे. एका जाळीपुढे पाच मिनिटे उभे राहिलात, तरी त्याचा हात कळतो. भिंतींवरच्या उथळ कोरीवकामावर मावळतीचा तिरपा प्रकाश पडला की अक्षरे उठून दिसतात, दुपारच्या उन्हात ती सपाट वाटतात.

मग आत जाऊन छत पाहा. सुमारे बारा मीटर लांब-रुंद दालनाचे हे छत कडेला थोडे वळून मध्ये अगदी सपाट झाले आहे. खाली एकही खांब नाही. दगडाचे तुकडे उत्तम चुन्याने एकमेकांना असे धरले आहेत की तो पट्टा शतकानुशतके जागचा हललेला नाही. घुमट आणि कमान यांनी वजन पेलले जाते हे आपण जामा मशिदीत पाहिलेले असते, आणि इथे त्याच गवंड्यांच्या परंपरेने कमानीशिवायही चुन्याच्या बळावर किती मजल मारली ते दिसते. बाहेर आल्यावर मशिदीच्या छज्ज्याच्या कोपऱ्यांखाली लटकणाऱ्या दगडी साखळ्या मुलांना शोधायला सांगा, कारण त्यांच्या कड्या अखंड दगडातून कोरून काढलेल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी गोलघुमट, आणि तोही उघडल्याबरोबर, म्हणजे सकाळी सहाला. तिकीट आदल्या दिवशीच ऑनलाइन काढून ठेवा. नऊनंतर शाळांच्या बसगाड्या येऊ लागल्या की वरच्या गॅलरीत एका टोकाची कुजबुज दुसऱ्या टोकाला ऐकू येते, ती ऐकणे अशक्य होते. महंमद आदिलशहाची ही कबर त्याच्या मृत्यूपर्यंत, १६५६ पर्यंत, बांधली जात होती, आणि तरीही बाहेरचे गिलाव्याचे काम पुरे झालेच नाही. शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ते हेच वर्ष, हे मुलांना आवर्जून सांगा. दोन घटना एकाच सालात ठेवल्या की त्यांना काळाचा अंदाज येतो.

आत शिरल्यावर लगेच वर जायची घाई करू नका. आतल्या दालनाची प्रत्येक बाजू सुमारे ४१ मीटर आहे, क्षेत्रफळ १,७०० चौरस मीटरांच्या आसपास आहे आणि मध्ये एकही खांब नाही. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे. मधल्या चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी, खरे दफन खालच्या तळघरात आहे. एखाद्या कोपऱ्यात पाठ टेकून उभे राहा, कागद पुन्हा बाहेर काढा आणि वर पाहा. चौकोनाच्या भिंती, त्यांवरून निघालेल्या कमानी, त्यांचे छेद आणि त्यांवर तोललेले वर्तुळ, हे सगळे जामा मशिदीत पाहिलेले असल्यामुळे मुले आपणहून ओळखतात. घुमट विटांचे थर आणि चुना यांचा आहे, पायथ्याशी त्याची जाडी सुमारे तीन मीटर आहे.

वर जाण्याचे जिने चार कोपऱ्यांच्या सात मजली अष्टकोनी मनोऱ्यांत आहेत. ते अरुंद आहेत, पायऱ्या उंच आणि काही ठिकाणी झिजलेल्या आहेत, मध्ये अंधारही लागतो. गुडघ्यांचा किंवा छातीचा त्रास असलेल्या माणसाने हा चढ करू नये. आपल्या आई-वडिलांसाठी मी खालचे दालन आणि बाहेरच्या नगारखान्यातले पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय सुचवीन. संग्रहालय सकाळी उशिरा उघडते आणि शुक्रवारी बंद असते, म्हणून शनिवार-रविवार येणे इष्ट.

मुलांना वर नेताना आधी गच्चीवर बाहेर पडा. घुमटाच्या बुडाशी कोरलेल्या मोठ्या पाकळ्या खालून दागिन्यासारख्या दिसतात, त्या हाताने मोजून पाहता येतात. गच्चीवरून शहर पाहा आणि मुलांना जामा मशीद ओळखायला सांगा. मग घुमटाच्या आतल्या, तीन मीटरांहून थोड्या अधिक रुंदीच्या सज्ज्यात शिरा. इथे ओरडायचे नाही, हे खालीच बजावून ठेवा. एकाने भिंतीकडे तोंड करून अगदी हळू बोलावे आणि दुसऱ्याने बरोबर समोरच्या टोकाला भिंतीजवळ कान न्यावा. आवाज वळणदार भिंतीच्या कडेकडेने सरकत जातो आणि शब्द जवळ कुणी बोलल्यासारखा स्पष्ट ऐकू येतो. मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक किंवा कागद फाडल्याचा आवाजही पुरतो. नंतर एकच टाळी वाजवा आणि प्रतिध्वनी मोजा. शांतता असेल, तर सात-आठपर्यंत मोजता येतात, मात्र एका वेळी एकानेच टाळी वाजवायची.

न्याहारी आणि संग्रहालय आटोपून, आई-वडिलांना सोबत घेऊन, अर्ककिल्ल्याकडे, म्हणजे शहरातल्या आतल्या किल्ल्याकडे या. हा भाग आजच्या गजबजलेल्या शहरात मिसळून गेला आहे, म्हणून गाडी एका ठिकाणी लावून टांगा करावा. विजापुरात टांगे अजून मिळतात आणि वृद्धांना ते सोयीचे पडतात, पण भाडे आधी ठरवून घ्या. आधी बारा कमान पाहा, कारण गोलघुमट डोळ्यांसमोर ताजा असतानाच ती समजते. दुसऱ्या अली आदिलशहाने आपल्या कबरीचे हे प्रचंड काम काढले आणि १६७२ मध्ये तो वारला, तेव्हा ते अर्धवटच राहिले. भिंतींचा पसारा, गिलावा नसलेल्या उघड्या काळ्या कमानी आणि वर आकाश एवढेच तिथे आहे. गोलघुमटात गिलाव्याखाली आणि भव्यतेखाली झाकलेला सांगाडा इथे उघडा आहे. कमानीचा एकेक घडीव चिरा दुसऱ्याला कसा धरतो, हे हाताच्या अंतरावरून पाहता येते. अफझलखानाची १६५९ ची मोहीम याच अलीच्या काळातली. पुढे महाराजांशी आणि मोगलांशी झुंजता झुंजता दौलतीचे बळ ओसरत गेले, आणि हे काम पुरे करण्याइतकी उसंत मागे राहिलेल्या कुणाला मिळाली नाही.

तिथून गगन महाल जवळच आहे. पहिल्या अलीने १५६१ च्या सुमारास बांधलेल्या या दरबाराची मधली कमान सुमारे १८ मीटर रुंद आहे. १२ सप्टेंबर १६८६ रोजी विजापूर पडले, आणि अखेरचा आदिलशहा सिकंदर याला चांदीच्या बेड्या घालून इथेच औरंगजेबापुढे उभे केले, असे सांगितले जाते. समोरच्या हिरवळीवर बसून मुलांना ही गोष्ट सांगा. आई-वडील दत्तभक्त असतील, तर अर्ककिल्ल्यातल्या नरसोबाच्या देवळात त्यांना अवश्य न्या. त्याच परिसरातली करीमुद्दीनची मशीद १३२० ची, म्हणजे आदिलशाहीच्या पावणेदोनशे वर्षे आधीची आहे, आणि तिच्यातले खांब देवळांचे आहेत, हे पाहताक्षणी कळते. आसार महाल वेळ उरला तरच.

जेवणानंतर परतीच्या दिशेने पश्चिमेला निघा. शेरझा बुरुजावर मलिक-ए-मैदान ही तोफ आहे. ती १५४९ मध्ये अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी याने ओतली आणि १६३२ मध्ये परांड्याहून इथे आणली गेली. वजन सुमारे ५५ टन आहे. तोंड सिंहाच्या जबड्याचे असून त्या जबड्यात हत्ती सापडलेला आहे. मुलांना ही तोफ गोलघुमटाइतकीच आवडते, असा माझा अनुभव आहे. जवळचा उपली बुरूज १५८४ च्या सुमाराचा, सुमारे २४ मीटर उंच, आणि त्याच्या पायऱ्या बाहेरून वळसा घालत वर जातात. वर लांब नळीच्या तोफा आहेत. पायऱ्यांना पुरेसा कठडा नाही, म्हणून पाचवीतल्या मुलाचा हात सोडू नका.

शेवटी ताज बावडी. १६२० मध्ये मलिक संदलने ताज सुलतानाच्या नावाने बांधलेली ही विहीर म्हणजे मोठे तळेच आहे. तिच्या तोंडाशी अष्टकोनी बुरुजांच्या मधोमध एक उंच कमान आहे. एवढ्या कोरड्या मुलखात लाखांच्या वस्तीची राजधानी कशी जगली, हा प्रश्न मुलांना इथे विचारा. पश्चिमेच्या तोरवीकडून भूमिगत नळांनी पाणी शहरात आणलेले होते, आणि रस्त्यांच्या कडेला अधूनमधून दिसणारे चौकोनी दगडी मनोरे पाण्याचा दाब मोडण्यासाठी आणि गाळ खाली बसण्यासाठी बांधलेले आहेत. आदल्या दिवसापासून असे दोन-तीन मनोरे नकळत डोळ्यांखालून गेलेले असतील.

अफझलखानाच्या बायकांच्या कबरी, म्हणजे "साठ कबर", पाहण्याचा हट्ट अनेकजण धरतात. जागा शहराबाहेर पश्चिमेला आहे, रस्ता विचारत जावे लागते, आणि खानाने निघण्यापूर्वी बायकांना मारल्याची कथा लोककथा म्हणूनच ऐकावी. तिथे ओळींनी मांडलेल्या एकसारख्या कबरी आहेत, हे मात्र खरे. मुलांना घेऊन मी तिथे जात नाही. त्याऐवजी तो तास इब्राहिम रोजाला द्यावा.

काही कारणाने दोनऐवजी एकच दिवस मिळाला, तर सकाळी सहाला जामा मशीद उघडी नसेल हे गृहीत धरून आदल्या रात्रीच मुक्कामाला या, गोलघुमट सहाला पाहा, तिथून जामा मशिदीत या आणि छत उलट्या क्रमाने समजावून द्या. मग बारा कमान, दुपारी विश्रांती आणि साडेचारला इब्राहिम रोजा. तोफ, बुरूज आणि अर्ककिल्ला अशा वेळी सोडून द्यावा लागेल, पण इब्राहिम रोजा सोडू नका. रात्री उशिरापर्यंत गाडी चालवायची नसेल, तर सहाच्या आत तिथून निघा.